हक्क अबाधित ठेवून

कोर्टाच्या कागदांत माझा पहिला उल्लेख 'अर्जदार क्रमांक दोन' असा आहे. अर्जदार क्रमांक एक ही माझी आई. गैरअर्जदार हे माझे वडील, आणि त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, अर्जदार क्रमांक एक ही आपली लग्नाची बायको आहे हे कबूल, परंतु अर्जदार क्रमांक दोन हे मूल आपले नव्हे. हे कागद मी पुढे वयात आल्यावर, नकलेचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहून, रीतसर मिळविले. गेली कित्येक वर्षे मी कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून बसतो आहे. वारसनोंद, फेरफार, पोटगी, नावात बदल, असा एकही विषय नाही ज्याचा मसुदा माझ्या हाताखालून गेलेला नाही. माझ्या हातचा कागद त्रुटी काढून परत आला असे सहसा घडत नाही, आणि नवे वकील कधी कधी आपल्या कारकुनास माझ्याकडे पाठवून एखादे वाक्य कसे बांधावे ते विचारून घेतात. हे बढाई म्हणून लिहीत नाही. माझे शिक्षण दहावीवर थांबले ते एका वाक्यामुळे. ते वाक्य माझ्या आयुष्यात कसे आले हे सांगायचे आहे, आणि सांगणारा मनुष्य वाक्यांच्या बाबतीत अडाणी नाही एवढे वाचकांनी आधी ध्यानात घ्यावे.

नांदुऱ्यापासून तासाभराच्या चालीवर, नाल्याच्या काठाला, माझ्या मामांचा भाजीचा मळा होता आणि मळ्यातच तीन खणांचे पत्र्याचे घर. त्या घरात मी जन्मलो आणि वाढलो. सकाळी डोळा उघडे तो विहिरीवरच्या इंजिनाच्या आवाजाने. त्याचा पट्टा घसरला की मामा त्याला माणसाला द्याव्यात तशा शिव्या देत, आणि ते पुन्हा धडधडू लागले की मामींचे बोलणे सुरू होई, कारण इंजिन बंद असताना बोललेले सर्वांना ऐकू जाते हे त्यांस चांगले ठाऊक होते. वारा उत्तरेकडून असला तर रेल्वेची शिट्टी ऐकू येई. वांगी, गवार, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आंबाडी, जे निघेल ते टोपल्यांत भरून मामा बाजाराला नेत. सरळ, तकतकीत वांगी बाजाराची. वाकडी आणि किडकी घरची. कीड कापून टाकून उरलेल्या भागाची भाजी आई अशी करी की तेलाचा थेंब दिसू नये आणि चव मात्र तेलाची यावी. ज्वारीची भाकर, लोखंडी तव्यावर रगडलेल्या मिरच्यांचा ठेचा, आणि पावसाळ्यात आंबाडीची भाजी. या तीन पदार्थांवर माझा पिंड पोसला आहे. आज डॉक्टरांनी मला तिखट वर्ज्य केले आहे. मी त्यांचे ऐकतो, पण जेवलो असे मला वाटत नाही.

आई नवऱ्याचे घर सोडून का आली हे मला निश्चित सांगता येणार नाही. एकदा ती म्हणाली की सासूने धान्याच्या कोठीची किल्ली तिच्या कमरेची काढून घेतली. दुसऱ्या वेळी म्हणाली की वडिलांनी तिच्यावर हात उचलला. दोन्ही खरे असेल. ती आली तेव्हा मी पोटात असल्याचे तिला ठाऊक नव्हते, आणि जेव्हा ठाऊक झाले तेव्हा मामांनी मलकापूरकडच्या त्या गावी निरोप धाडला. उत्तर आले नाही. मी वर्षाचा होऊन चालू लागलो तरी आले नाही, तेव्हा मामांनी कोर्टात पोटगीचा अर्ज लावला, आणि मग मात्र लेखी उत्तर आले. त्यात माझ्याविषयीच्या परिच्छेदापुढे एकच शब्द होता: नाकबूल.

त्या दाव्याची हकीकत मामा इतक्या वेळा आणि इतकी रंगवून सांगत की मी ती स्वतः पाहिली असावी असे मला वाटते. वडिलांच्या वकिलांनी आईला विचारले, "बाई, तुम्ही नवऱ्याचं घर कोणत्या महिन्यात सोडलं?" आई म्हणाली, "महिना नाही सांगता येत साहेब. तुरीले फूल होतं." मूल कधी झाले, असे विचारल्यावर म्हणाली, "मुगाच्या शेंगा तोडनं चालू होतं." वकील शेतकऱ्याचे पोर असावेत. त्यांनी लगेच विचारले, "कोणती तूर? हळवी की गरवी?" प्रश्न वरकरणी साधा होता, पण त्यात माझा सगळा जन्म होता. हळवी तूर लवकर फुलते. ती धरली तर मी आई माहेरी आल्यानंतर दहा महिने उलटून गेल्यावर झालो, म्हणजे कुणाचा तरी. गरवी उशिरा फुलते. ती धरली तर हिशेब नऊ महिन्यांच्या आत बसतो, म्हणजे वडिलांचा. आईने पदर सावरला आणि म्हणाली, "वावर त्याइचं, पेरनी त्याइची. कोन्तं पेरलं होतं ते त्याइलेच इचारा." कोर्टात बसलेले लोक हसले. न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहिल्यासारखे केले. निकालात तुरीचा उल्लेखही नाही. त्यात एवढेच आहे की लग्न कायम होते, दोन्ही गावे एका दिवसाच्या चालीवर आहेत, पतिपत्नींची भेट अशक्य होती असे गैरअर्जदाराने शाबीत केलेले नाही, सबब मूल त्याचेच धरले पाहिजे. कायदा तेव्हा असा होता आणि मुळात आजही असाच आहे. फरक इतकाच की आज कुणी तरी रक्ताचा थेंब प्रयोगशाळेत पाठविण्याचा अर्ज लिहून मागतो. मी लिहून देतो. लिहिण्यापूर्वी मात्र एक प्रश्न विचारतो: "अहवाल आल्यावर पोराशी काय बोलशील?" बहुतेक जण अर्ज उद्या लिहू म्हणतात. काही चिडून दुसऱ्या अर्जनवीसाकडे जातात.

हुकूम झाल्यापासून दर महिन्याला टपालवाले सायकल हाकत मळ्यात येत आणि वडिलांची मनिऑर्डर देत. रक्कम काय होती हे येथे लिहिण्याचे कारण नाही. ती वेळेवर येई, आणि वडिलांनी ती कधी चुकविली नाही हे मी त्यांच्या बाजूने नमूद करून ठेवतो. मनिऑर्डरीच्या फॉर्मला खाली एक चिठोरा असे. त्यावर पाठविणाराने दोन शब्द लिहावेत आणि घेणाराने तो फाडून ठेवावा अशी सोय होती. वडील त्यावर दर महिन्याला एकच ओळ लिहीत: 'हक्क अबाधित ठेवून पाठवीत आहे.' पहिल्या वेळी टपालवाल्यांनी ती मोठ्याने वाचली आणि कुणालाच काही उमगले नाही. मामा तिसरी शिकलेले. ते बराच वेळ चिठोरा उजेडात धरून बसले आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"कौसे, आइक," ते आईला म्हणाले. "हक्क म्हंजे हक्क. अबाधित म्हंजे त्याले काही बाधा नाही. तुह्या पोराचा हक्क शाबूत ठेवून पैसे पाठवून राह्यलो, असं लेहेलं हाय त्यानं."

"खरंच असं लेहेलं हाय?" आईने विचारले.

"मंग का मी मनचं वाचून राह्यलो? त्याची माय समोर हाय, तिच्यासमोर त्याले बोलता येत नाही. म्हून कागदावर लेहेलं."

मामी चुलीपुढून म्हणाल्या, "हक्क शाबूत हाय, त मंग पोट्ट्याले घेऊन काऊन जात नाही तो? हक्कानं पोट भरते का?"

"तू गप बैस. तुले कोर्टाची भाषा समजत नाही."

"तुमाले लय समजते. जवारीच्या पोत्यावरचा छापा वाचता येत नाही अजून."

परंतु त्या दिवसापासून घरात त्या ओळीचा मान राहिला. आईने सारे चिठोरे एका तारेला टोचून खुंटीला अडकविले. मी अक्षरे शिकलो ती पाटीवर कमी आणि त्या तारेवर जास्त. वडिलांचे अक्षर चांगले नव्हते. ते ओढल्यासारखे, एका अंगावर कललेले होते, आणि 'बाधि'मधली वेलांटी दर वेळी पुढल्या अक्षरावर जाऊन पडे. मला ते अक्षर आवडे. शाळेत कुणी मला चिडवून "तुहा बाप कोन बे?" असे विचारले तर मी भांडत नसे. माझा हक्क अबाधित आहे, असे मी मनात म्हणे आणि पुढे चालू लागे. सातवीत निबंधात मी 'भारतमातेचे स्वातंत्र्य अबाधित राहो' असे लिहिले, तेव्हा गुरुजींनी त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढून बाजूला 'छान' असा शेरा दिला होता. शब्दांवर माझे प्रेम तेथून बसले. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत मी एका चुकीच्या अर्थावर उभा होतो. उभे राहायला तो पुरला, हे आता म्हणावे लागते.

दहावीला मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो आणि जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात राहून पुढे शिकण्यासाठी माझी निवड झाली. जेवणखाण, राहणे सर्व फुकट. अट एकच, आठ दिवसांच्या आत जातीचा दाखला. मामा मला घेऊन कचेरीत गेले. कारकुनाने माझा शाळेचा दाखला पाहिला, त्यावरचे वडिलांचे नाव पाहिले, आणि मामांना विचारले, "बाप कुठं हाय?" मामांनी, जे विचारले नाही तेही सांगण्याची त्यांना सवय होती म्हणून, पोटगीचा सारा दावा सांगून टाकला. कारकुनाने पेन खाली ठेवले. "म्हंजे बापाच्या नावातच वाद हाय. असं करा, बापाच्या सहीचा कागद आना. हा माहा मुलगा हाय, एवढं त्यानं लेहून देल्लं का झालं. कोर्टाची नक्कल नोका आनू, ते लय लांबते." मामा बाहेर येऊन बराच वेळ पायरीवर बसून राहिले. मी मात्र घाबरलो नाही. माझ्या मते असा कागद दर महिन्याला येतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने मी एकटा मलकापूरला गेलो. मामा येतो म्हणत होते, आई म्हणाली, "नोको. दोन बैल समोर आले का वाकडंच होते. पोट्टं जाऊ दे." तिने फडक्यात भाकर आणि ठेचा बांधून दिला आणि तारेवरून दहा-बारा चिठोरे काढून माझ्या खिशात घातले. काय बोलावे हे तिने सांगितले नाही. फक्त म्हणाली, "तो का म्हंते ते नीट आइकजो. जसंच्या तसं मले सांगजो."

वडील तोवर गावचे वावर भावांवर सोडून मलकापुरात शिंपीकाम करीत होते. स्टेशनकडून कोर्टाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या ओट्यावर त्यांचे मशीन होते. मी त्यांस पूर्वी कधी पाहिले नव्हते, तरी गळ्यात टेप असलेला, गालफडे बसलेला तो मनुष्य तेच असावेत हे मी ओळखले, कारण ओट्यावर दुसरे कुणीच नव्हते.

"का पाह्यजे? पॅन्ट का सदरा?" मान वर न करता त्यांनी विचारले.

"मी नांदुऱ्याकून आलो. कौसल्याचा पुंडलिक."

त्यांनी मशीनच्या चाकावर तळहात ठेवून ते थांबविले. बराच वेळ हात तेथेच होता.

"एकटाच आला?"

"हाव."

"जेवला का?"

"भाकर हाय संगं."

मग ते उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्याची शिवण दोन बोटांत धरून म्हणाले, "हा सदरा कोनं शिवला बे?"

"बाजारातून घेतला."

"खांदा उतरला हाय. असे खांदे शिवून पैसे घेतात लोक."

मी आलेले काम सांगितले. ते ऐकत होते, पण नजर रस्त्याकडे होती. शेवटी मी खिशातले चिठोरे काढून मशीनच्या फळीवर ठेवले आणि म्हणालो, "तुमी दर महिन्याले लेहेताच ना, हक्क अबाधित ठेवून. म्हून आलो. तेच जरा मोठ्या कागदावर लेहून द्या."

वडिलांनी चिठोरे चाळले. आपलेच अक्षर कुणी सांभाळून ठेवले आहे याचे त्यांना नवल वाटलेले दिसले. मग त्यांनी मापाची वही उघडून तिच्या पुठ्ठ्यात खोचलेला एक जुना, घडी पडून फाटत आलेला कागद काढला. त्यावर सुंदर वळणदार अक्षरात तीच ओळ होती. "हे देवरावजीनं लेहून देल्लं होतं, अर्जनवीसानं. मनिऑर्डरच्या संगं हे लेहाच लागते म्हणे. मी पाहून पाहून उतरवतो. तिकीट लावाव तसं."

"मंग त्याचा अर्थ का हाय?"

"मले का ठाव?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुले ठाव हाय ना? तू दहावी पास झाला."

मामांचा अर्थ मी त्यांना सांगितला. तो ऐकताना ते प्रथमच माझ्याकडे सरळ पाहत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी मशीनवर कापड झाकले. "चाल," ते म्हणाले. "इचारून घेऊ."

देवरावजी कोर्टाच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या छपराखाली, लाकडी पेटीवर कागद ठेवून बसत. त्या वेळी त्यांचे वय झाले होते आणि उजवा हात थरथरत असे. पानाचा विडा तोंडात असल्यामुळे प्रत्येक वाक्यापूर्वी ते मान मागे टाकीत. पुढे ते माझे गुरू झाले, म्हणून त्यांच्याविषयी उणे लिहिणार नाही. वडिलांनी तो जुना कागद त्यांच्यापुढे धरला आणि विचारले, "देवरावजी, याचा अर्थ का व्हते?"

"इतक्या वर्षांनी इचारता?" देवरावजी हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी कोण, हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. "सोपा हाय. म्हंजे कोर्टाचा हुकूम हाय म्हून पैसे देतो, पन कबूल करत नाही. पोरगं माहं नाही, असं उद्या वरच्या कोर्टात म्हनाचा हक्क माह्यापाशी राखून ठेवतो. एक ओळ दर महिन्याले लेहेली का कोनी म्हनू शकत नाही का तुमी पोराले पोरगा मानलं. मोठी पक्की ओळ हाय ते."

रस्त्यावरून कापसाच्या रिकाम्या गाड्या जात होत्या, त्यांचा आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघे तसेच उभे होतो. त्या क्षणी मला रडू आले असते तर बरे झाले असते. मला फक्त एवढेच जाणवले की मी फार दिवस चालत आलो आहे आणि मला बसायचे आहे. देवरावजींनी पेटीवरून खाली पाहिले, माझ्या हातातला शाळेचा दाखला ओळखला आणि विडा थुंकून टाकला. "हाच का तो?" त्यांनी हळूच विचारले. वडिलांनी मान हलविली.

मग कागदाचे बोलणे निघाले. हा माझा मुलगा आहे, एवढे लिहून द्यायला वडील तयार होते असे मला आजही वाटते. त्यांनी "लेहा" असे म्हटलेही होते. परंतु देवरावजी आपल्या धंद्याला चोख होते. "लेहून देतो," ते म्हणाले, "पन ध्यानात ठेवा, तुमचा कोर्टातला जबाब शपथेवर होता. पोरगं माहं नाही असं तुमी शपथेवर म्हणले. आता शपथेवर म्हणता माहं हाय. दोन्हीतून एक खोटी ठरते. कोनी अर्ज केला त अंदर जाचं काम हाय."

वडील पेटीच्या कडेला बसले. "तुही माय वाईट होती असं माह्या मनात कवाच नव्हतं," ते मला म्हणाले. "वकील म्हणे असं लेहेलं म्हंजे पोराची पोटगी बसत नाही. म्हून हाव म्हणलं. एकडाव कोर्टात म्हणलं, मंग गावात म्हना लागलं. मंग घरात म्हना लागलं. आता बदलू कसा?"

"मंग का लेहू?" देवरावजींनी विचारले.

कोर्टाच्या दाराशी पट्टेवाला कुणाचे तरी नाव तीनदा पुकारत होता. पुकारा संपल्यावर वडील म्हणाले, "असं लेहा, का कोर्टानं ज्याले माहा मुलगा म्हणलं हाय तो पुंडलिक. यात खोटं नाही ना?"

"यात खोटं काहीच नाही," देवरावजी म्हणाले. त्यांचा हात त्या दिवशी फार थरथरत होता. त्यांनी कागद माझ्याकडे सरकविला. "अक्षर बरं हाय का तुहं? मंग तूच लेहे, मी सांगतो." अशा रीतीने माझ्या हातचा पहिला मसुदा हा मी कुणाचा मुलगा आहे याविषयी होता, आणि त्यात मी लिहिले: 'लिहून देणार असे लिहून देतो की, मे. कोर्टाने ज्यास माझा मुलगा ठरविले आहे तो पुंडलिक हा...' देवरावजींनी वाचून पाहिले आणि एकही दुरुस्ती केली नाही. वडिलांनी सही केली. गाडीला वेळ होता, तेव्हा त्यांनी मला ओट्यावर नेले, सदरा काढायला लावला, आणि मी उघड्या अंगाने भाकर खात असता दोन्ही खांदे उसवून नीट शिवून दिले. स्टेशनवर पोचवायला ते आले नाहीत.

कचेरीत कारकुनाने तो कागद दोनदा वाचला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती; तोही दमलेला मनुष्य होता आणि त्याच्यापुढे रांग होती. "कोर्ट का म्हंते ते समजलं," तो म्हणाला. "बाप का म्हंते?"

मी म्हणालो, "एवढंच म्हणते."

त्याने कागद परत दिला. मुदतीला चार दिवस होते. मामा आणखी दोन ठिकाणी गेले, एका पुढाऱ्याच्या घरी बसून आले, मी पुन्हा मलकापूरला जावे असेही बोलून पाहिले. मी गेलो नाही. वसतिगृहातली जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. तो पुढे शिक्षक झाला, निवृत्तही झाला, आणि निवृत्तिवेतनाचा त्याचा अर्ज मीच लिहिला. तो मला ओळखत नाही. देवरावजींनी त्याच वर्षी मामांकरवी निरोप पाठविला की पोराचे अक्षर चांगले आहे, बसू द्या माझ्यापाशी. अडल्यानडल्यांचे कागद लिहून मी संसार केला, आणि माझ्या मते तो नीट केला. कधी कधी मनात येते की देवरावजींनी त्या दिवशी शपथेचे भय घातले नसते तर? परंतु आज माझ्यापुढे तसा पक्षकार आला तर मीही तेच सांगेन. सांगावेच लागते.

कारकुनाने कागद परत दिला त्या दिवशी दुपारी मी मळ्यात आलो तेव्हा आई सांबाराच्या जुड्या बांधत बसली होती. मामी पलीकडच्या वाफ्यात होत्या, इंजिन बंद होते, त्यामुळे बोललेले सर्व ऐकू जात होते. मलकापूरहून आलो त्या संध्याकाळी कागद आणला एवढेच मी सांगितले होते, आणि तिने कागदाविषयी काही विचारले नव्हते. दाखला मिळाला नाही हे माझ्या चालण्यावरूनच तिला कळले असावे. ती हात न थांबवता म्हणाली, "ते जाऊ दे. तू मलकापूरले गेल्ता, तवा तो का म्हणला? ते तू मले अजून सांगलं नाही."

पंधरा वर्षे गावातल्या बायका विहिरीवर तिच्यापासून घागरभर अंतर ठेवून उभ्या राहत. ती त्याविषयी कधी बोलली नव्हती. त्या एका प्रश्नात मात्र ती सारी वर्षे होती, आणि माझ्या खिशात होते ते वाक्य तिला देण्याजोगे नव्हते. देवरावजींनी सांगितलेला अर्थ तर मुळीच नव्हता.

"म्हणला, पोट्टं माहंच हाय," मी म्हणालो. "चार लोकाइसमोर म्हणला. कौसल्या तशी नव्हती म्हणला. माहीच चूक झाली म्हणला."

आईचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिले. चेहऱ्याकडे नव्हे, थोडे बाजूला. पाहता पाहता तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आले, थकलेले, पण हसूच.

"खोटं बोलतानी," ती म्हणाली, "तोबी असाच कानाची पाळी धरे."

मी हात खाली घेतला. तिने पुढची जुडी बांधायला घेतली.